टॅबची सही

रात्री लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारी स्क्रिप्ट चालू करून झोपलो. पॅकेजं उतरवून आणणाऱ्या ‘ॲप्ट’ला मायनस वाय (-y) देऊन ठेवलं होतं, म्हणजे काय विचारशील त्याला हो. सकाळी पाहतो तर पडद्यावर करडी चौकट, आत इंग्रजी करारनामा आणि तळाशी एकटंच ‘ओके’. मशीन रात्रभर माझ्या होकारासाठी तिष्ठत बसलेलं.

एंटर दाबलं, ढिम्म. माउसने टिचकी मारली, ढिम्म. मग आठवलं, टॅब! ‘ओके’ उजळतं आणि मगच एंटर लागू पडतं. पहिल्यांदा या चौकटीत सापडलो तेव्हा वैतागून टर्मिनलच बंद केलं होतं. पुढे डीपीकेजीचं, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामचं, अडकलेलं लॉक सोडवण्यात अर्धा दिवस गेला.

आणि हे सगळं कशासाठी, तर एरियल नि टाइम्स न्यू रोमनसाठी. कुणाची तरी वर्डची फाइल नीट दिसावी म्हणून. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून हे फॉन्ट वेबसाठी फुकट दिले, २००२ साली देणं थांबवलं. आधी घेतलेले वाटायला मुभा राहिली, पण मूळ पुडा न फोडता. म्हणून लिनक्सवरच्या या फॉन्टच्या पॅकेजात फॉन्ट नसतातच, असतो फक्त एक निरोप्या. तो विंडोजच्या ‘ईएक्सई’ फायली उतरवून आणतो आणि आपल्याच मशीनवर फोडतो. पुडा आपल्या घरी फुटणार, तेव्हा सहीही आपलीच.

एरवी शेकडो पॅकेजं मुकाट येऊन बसतात. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या २००७ च्या आवृत्तीत तर स्पष्टच म्हटलंय, की प्रोग्राम नुसता चालवायला परवाना मान्य करायची गरज नाही. लिनक्सचा गाभा, अख्खा कर्नल, काही न विचारता आत येतो, अडतं ते अक्षरांपाशी.

माझा मायनस वाय वाया का गेला, तेही मग कळलं. तो फक्त ॲप्टच्या स्वतःच्या प्रश्नांपुरता. हा प्रश्न विचारणारा डेबकॉन्फ हा वेगळाच प्रोग्राम, आणि उत्तरं नोंदवायची त्याची वही निराळी. त्याला ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ सांगून गप्प करता येतं, पण मौनं संमतिलक्षणम् हे त्याला मान्य नाही. उत्तर न मिळाल्यास तो नकार धरतो आणि फॉन्ट येत नाहीत. म्हणून आता माझ्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ या आज्ञेची असते, वहीत होकार आधीच लिहून ठेवायचा. चौकट उगवतच नाही.

तो करारनामा मी वाचलाय म्हणा, एकदा. खालपर्यंत गेल्याशिवाय ‘ओके’ चालत नसेल, असं वाटलं होतं तेव्हा.