होम थिएटरचा संगणक विंडोज १० वरून हलवावा का? माझा अनुभव

आमच्या घरी, फोंड्याला, टीव्हीखालच्या कपाटात एक लहान काळा संगणक आहे. कीबोर्ड-माऊस त्याला जोडलेले नसतात. एचडीएमआयची तार रिसीव्हरला (स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा), तिथून टीव्हीला, आणि हातात एक रिमोट. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि त्यावर कोडी. ज्यांनी कोडी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डिस्कवरचे सिनेमे, गाणी, फोटो पोस्टरांसकट मांडून ठेवणारा आणि लांबून रिमोटने चालवता येणारा हा फुकट मिळणारा प्रोग्राम. मूळ पहिल्या एक्सबॉक्ससाठी लिहिलेला, तेव्हाचं नाव एक्सबीएमसी. २०१४ मध्ये त्याचं कोडी झालं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याच्या कितीतरी आधीपासून संगणक सुरू केला की टीव्हीभर सूचना यायची, नवीन विंडोजकडे वळा म्हणून. बाबांना ती वाचता यायची नाही नीट, पण आपल्या नाटकांचं काही बिघडतंय की काय ही धास्ती बसायची. म्हणाले, "अरे, हे काय म्हणतंय ते एकदा बघ आणि कायमचं मिटव."

नाटकांबद्दल सांगायलाच हवं, कारण निर्णय शेवटी त्यांच्यावरूनच झाला. आमच्या भागात देवळाच्या जत्रेला मंडपात रात्री मराठी नाटक होतं, संगीत असेल तर उजाडेपर्यंत. बाबा गावच्या हौशी मंडळात होते. सुरुवातीला स्त्रीपार्ट, मग वयानुसार बाकीच्या भूमिका. मंडळातल्या एकाकडे परदेशातून आणलेला व्हिडिओ कॅमेरा होता. त्याने केलेल्या व्हीएचएस कॅसेटी आमच्या कपाटात आल्या. गोव्याच्या पावसाळ्यात कॅसेटीवर पांढरी बुरशी धरते आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होऊन पुढची चांगली कॅसेटही जाते. म्हणून धडधाकट होत्या त्या आधी, एका यूएसबी कॅप्चर डिव्हाइसमधून मी संगणकावर उतरवल्या. बाकीच्या अजून पडून आहेत. ही नाटकं दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. सिनेमा डिस्कवरून गेला तर परत आणता येतो, हे नाही.

तेव्हा विंडोज ११ चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवून हा संगणक घरात नक्की काय काय करतो ते आधी लिहून काढलं. बाबांची नाटकं दाखवतो. रात्री आम्ही सिनेमे बघतो तेव्हा डॉल्बी आणि डीटीएसचा आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवतो. आईला ब्राउझरमध्ये कीर्तनं आणि मालिका लावून देतो. आणि अधूनमधून उरलेल्या कॅसेटी उतरवून घेतो. चार कामं, आणि प्रत्येकाची गरज वेगळी. हे कागदावर आल्यावर गोंधळ बराच निवळला.

विंडोज ११ चं प्रकरण लवकर आटपलं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट (सुरू होतानाच खोटी प्रणाली अडवणारी सोय) हवं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. आमचा चौथ्या पिढीचा, मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या प्रोग्रामने सरळ नकार दिला. ही अट चुकवून विंडोज ११ घालायच्या युक्त्या आहेत आणि माझ्या आतेभावाने त्याच्या लॅपटॉपवर तसं केलंही आहे. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आपण हलतोय ते सुरक्षेचे अपडेट मिळावेत म्हणून, आणि जायचं तिथे त्यांचीच खात्री नाही, हे मला पटेना. शिवाय कॅप्चर डिव्हाइसचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवायला संगणकाला लागणारा प्रोग्राम) ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. म्हणजे कॅसेटींचं काम तिथेच थांबलं असतं.

बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं, "बाब, नवीनच घ्या, ह्याच्यावर खर्च करू नका." त्याच्या जागी तो बरोबर असेल. पण आमचा टीव्ही १०८० चा आहे आणि एच.२६४ किंवा डीव्हीडीच्या जमान्यातला एमपेग-२ अशा पद्धतींनी आवळलेला व्हिडिओ हा जुना इंटेल हार्डवेअरवर सहज उलगडतो. अडतो तो १० बिटच्या फोर-के एचईव्हीसी या नव्या पद्धतीपाशी, ते काम इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून नीट आलं. ज्यांच्याकडे फोर-के टीव्ही आहे आणि संगणकावरूनच नेटफ्लिक्स फोर-के बघायचंय, त्यांनी मात्र नवीन मशीन आणि विंडोज ११ हाच रस्ता धरावा. तिथे लिनक्सच्या (विंडोजऐवजी घालता येणारी फुकट प्रणाली) नादी लागू नये, चित्र खालच्या दर्जाचं मिळतं.

दुसरा पर्याय होता वाढीव सुरक्षा अपडेटचा, ईएसयूचा. घरगुती वापरासाठी तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असावी लागते. हे मी लगेच करून टाकलं. निर्णय घाईत घ्यायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी हे फार उपयोगी आहे, आणि तुमचं अजून ठरत नसेल तर आधी हे करा.

मग लिब्रेएलेक. ही लिनक्सची एक अगदी आटोपशीर आवृत्ती, २०१६ मध्ये ओपनएलेकमधून वेगळी झालेली. तिचं काम एकच, संगणक चालू झाला की कोडी उघडायचं. डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही. पेन ड्राइव्हवर घालून, आतल्या डिस्कला हात न लावता चालवून बघता येते. जुना कीबोर्ड शोधून काढला, पेन ड्राइव्हवरून सुरू केलं आणि बाबांना शेजारी बसवलं.

परीक्षा कशाची घ्यायची ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. व्हीएचएसवरून उतरवलेलं चित्र इंटरलेस्ड असतं: सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत दोन अर्धचित्रं, एक विषम ओळींचं आणि एक सम ओळींचं, एकामागून एक घेतलेली. आजच्या टीव्हीवर ती जोडून दाखवताना मधल्या क्षणात जे हललं असेल त्याची कड कंगव्याच्या दातांसारखी फाटते. एका नाटकात नांदीच्या वेळी तबलजी अगदी समोर बसलाय. त्याचा उजवा हात हा आमचा मापदंड. विंडोजवर बऱ्याच खटपटीनंतर तो हात स्वच्छ दिसायला लागला होता.

लिब्रेएलेकवर पहिल्यांदा लावलं तर बोटांच्या जागी आडव्या रेषांचा गुच्छ. बाबा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. नाटक चालू असतानाच व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन डीइंटरलेस (ती अर्धचित्रं नीट जोडायची) पद्धत आपोआपवरून बदलून मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह केली. रेषा गेल्या, पण हात अडखळत चालला होता. ते कोडं रिफ्रेश रेटचं, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो त्याचं. टीव्ही ६० हर्ट्झवर, चित्र सेकंदाला ५० अर्धचित्रांचं, गणित जुळत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओप्रमाणे रिफ्रेश रेट बदलायची सोय चालू केली आणि व्हाइटलिस्टमध्ये (वापरायच्या दरांच्या यादीत) १०८० चे २३.९७६, २४, ५० आणि ६० हे सगळे दर टिकमार्क केले. नाटक पुन्हा लावलं. टीव्ही क्षणभर काळा झाला, ५० हर्ट्झवर आला, आणि बोटं तबल्यावर पडताना एकेक वेगळी दिसली. शाईवर पडणारं आणि किनारीवर पडणारं बोट कळत होतं. बाबा पुढे सरकून बसले. विंडोजपेक्षा हे चांगलं होतं असा माझा दावा नाही, पण तसूभरही कमी नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

२३.९७६ चा दर वेगळा का घ्यायचा, हेही सांगतो. पुष्कळ सिनेमे २३.९७६ चे असतात. टीव्ही पुरता २४ वर ठेवला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक चौकट दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा हळूहळू फिरत असेल तर तो हिसका कळतो, आणि एकदा कळला की डोळा त्याचीच वाट बघत बसतो.

दुसरी परीक्षा विजेची. आमच्याकडे जोराचा पाऊस आला की लाईट जाते, लगेच येते, परत जाते. इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला जो निमिष लागतो तेवढ्यात हा संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. विंडोज अपडेट घालत असताना असं झालं की छातीत धस्स व्हायचं. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली दोन फायलींमध्ये बांधलेली, आणि त्यातली मुख्य फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते. आपल्या सेटिंग आणि लायब्ररी वेगळ्या भागात राहतात. त्यामुळे अवेळी वीज गेली तरी प्रणाली मोडत नाही. मी मुद्दाम, नाटकांची डिस्क काढून ठेवून, मागचं बटण दाबून बघितलं. प्रत्येक वेळी कोडी निमूट परत आलं. माझ्या मनातला तराजू इथे बऱ्यापैकी झुकला होता.

रिमोटचा प्रश्न वाटला होता तेवढा निघाला नाही. विंडोज मीडिया सेंटरच्या काळातला इन्फ्रारेड रिसीव्हर आहे आमच्याकडे. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याचा ड्रायव्हर आहे. जोडला आणि चालला.

मराठी नावांनी मात्र वेळ घेतला. कोडीच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात. स्किनच्या (कोडीच्या दर्शनी रूपाच्या) सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून एरियल बेस्ड केला की नावं दिसतात. आणि ही नावं दिसणं आमच्यासाठी शोभेचा भाग नाही. गावच्या नाटकांची माहिती इंटरनेटवरच्या कुठल्याच यादीत नसते, म्हणून प्रत्येक व्हिडिओशेजारी मी एक एनएफओ फाइल (कोडीला वाचता येणारी माहितीची साधी फाइल) लिहून ठेवली आहे, बाबांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं. कोणत्या देवळाची जत्रा, कोणी काय भूमिका केली, ऑर्गनवर कोण, पेटीवर कोण. एका ठिकाणी बाबांनी सांगितलंय: "दुसऱ्या अंकात लाईट गेली, पेट्रोमॅक्स लावून प्रयोग पुढे चालू." माहिती अशी व्हिडिओच्या शेजारीच असल्याने ती कुठल्याही प्रणालीवर जशीच्या तशी उचलली जाते, फक्त माहितीचा स्रोत स्थानिक असं सांगावं लागतं. ज्यांची लायब्ररी नुसती कोडीच्या डेटाबेसमध्ये आहे त्यांनी हलण्याआधी लायब्ररी एक्स्पोर्ट करून वेगळ्या फायली करून घ्याव्यात. पाहिलेलं-न पाहिलेलं याची खूणही त्यात येते.

बाहेरची मोठी डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने मांडलेली आहे. लिनक्स ती वाचतं आणि तिच्यावर लिहितंही, पण विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करावं. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि लिनक्सला डिस्क नुसती वाचायलाच मिळू शकते.

राहिली आई. तिची कीर्तनं लिब्रेएलेकवर ब्राउझरशिवाय लावणं हा नसता उपद्व्याप होता. टीव्हीतच तशी अ‍ॅप आहेत, आणि आवाज त्याच एचडीएमआयच्या तारेतून, एआरसीवरून, रिसीव्हरकडे परत येतो. एआरसीला डॉल्बीच्या ट्रूएचडीसारखा वरच्या दर्जाचा आवाज पेलत नाही, पण ओटीटीला तो लागतही नाही. फक्त तिला दुसरा रिमोट घ्यावा लागणार होता. ती म्हणाली, "मला बटण कुठलं ते एवढंच सांग." दाखवलं, आणि तिचा विषय संपला.

तेव्हा असं केलं: एक लहान नवीन एसएसडी घेतली, तिच्यावर लिब्रेएलेक कायमचं घातलं आणि विंडोज १० ची जुनी एसएसडी आहे तशी काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवली. कॅसेट उतरवायची असेल तेव्हा ती परत लावायची, नेटची तार काढून. कॅप्चरला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२६ उलटला तरी त्या कामाला बाधा नाही. फायली उतरल्या की एक प्रत मोठ्या डिस्कवर आणि एक पणजीला बहिणीकडे.

शेजारच्या वाड्यावरच्या मंडळाच्याही कॅसेटी आता आमच्याकडे आल्या आहेत. काहींना बुरशी आहे, त्या साफ करणाऱ्या माणसाकडे पाऊस ओसरल्यावर न्यायच्या आहेत. ज्या चांगल्या आहेत त्या चवथीच्या सुट्टीत उतरवायला घेणार, आणि त्यांची माहिती सांगायला त्या मंडळातल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्यांना बाबांनी आत्ताच घरी बोलावून ठेवलंय.