लिफ्ट का काढली, तुम्ही विचारलंत म्हणून

आता एकदाच सांगून टाकतो. भेटेल तो विचारतो, "अरे एवढी लिफ्ट केली होतीस पिकअपला, काढली कशाला?" काहींना वाटतं मी घाबरलो, काहींना वाटतं मी शहाणा झालो, आणि हे दुसरे जास्त डोक्यात जातात कारण त्यांच्या तोंडावर 'आम्ही सांगत होतो ना' स्पष्ट दिसत असतं.

लिफ्ट म्हणजे तरी काय, पुढच्या दोन्ही शॉकच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून नाक दोन इंच उचललेलं, आणि २६५/६५ आर १७ च्या जागी २८५/७० आर १७ टायर. त्याने गाडीची वाट लागते वगैरे मला ऐकवू नका. अलाइनमेंट लगेच केली होती, पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा अँगल वाढतो हे माहीत होतं म्हणून त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटलंय का ते खाली झोपून बघायचो, आणि मोठ्या टायरमुळे मीटरवर तेवढाच आकडा दिसत असताना गाडी आधीपेक्षा सात टक्के जास्त वेगाने चाललेली असते हेही डोक्यात ठेवून चालवायचो. एक मात्र कबूल करतो. खडकात आधी घासतं ते मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, आणि तिथली जागा स्पेसरने एक मिलिमीटरही वाढत नाही, ती टायरनेच वाढते, तीही व्यास वाढला त्याच्या निम्मी. एवढा खटाटोप करून मला तिथे मिळाले २७ मिलिमीटर. बाकीची उंची दिसायला. पण दिसायची भारी, गाडी लावून निघालो की मी वळून वळून बघायचो.

तर ती रात्र. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता अरुंद, मागे लाद्या भरलेल्या. समोरून एक टू-व्हीलर आली आणि दोनदा लाईट मारले. मी मनात म्हटलं, डिपरवरच आहे रे बाबा, अजून काय करू. आणि खरंच डिपरवर होतो. मग त्याचा लाईट एकदम खाली गेला आणि कडेला आडवा झाला.

थांबलो, उतरलो. तो खडीत पडला होता, उठून बसला, हेल्मेटच्या काचेवर पाण्याचे थेंब, तळहात सोलवटलेला. मी काही बोलायच्या आत डोळे मिटूनच म्हणाला, "आधी तो लाईट बंद करा." बंद केला तर मिट्ट अंधार, त्याची एक चप्पल सापडेना, मग मी मोबाईलच्या टॉर्चवर त्या खडीत त्याची चप्पल शोधत बसलो. शोधता शोधता म्हटलं, "डिपरवर होती हो गाडी." तो म्हणाला, "असेल." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ड्रेसिंग करून त्याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी लाद्या उतरवायच्या आधी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर लावली. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे तिथे तो दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली पडायला हवा. माझा वीतभर वर होता. कंपनी नाक खाली नि शेपूट वर ठेवते ते मागे माल भरला की गाडी सपाट बसावी म्हणून, मी ते नाक उचललं आणि वर शेपटीवर लाद्या ठेवल्या. त्यात डॅशवर लाईट खाली घ्यायचं छोटं चाक असतं ना, ते शून्यावर. ते कशासाठी असतं हे मला माहीत होतं, तरी.

आता तुम्ही म्हणाल, मग लाईटचा स्क्रू फिरवायचा, लिफ्टचा काय दोष. अगदी बरोबर. मीही स्वतःला हेच म्हणत होतो, स्क्रू फिरवलाही, दहा मिनिटांचं काम, आणि पुढे महिनाभर लिफ्ट तशीच ठेवून चालवली. पण समोरून कोणी सहज जरी अपर-डिपर केलं तरी माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघायचा आणि आरशात मागे बघायचो, तो गेला ना नीट. शेवटी स्पेसर काढले, टायरही जुने चढवले. याला कारण म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

आणि 'स्टॉकच बरी'वाल्यांनी, म्हणजे कंपनीने दिली तशीच गाडी ठेवणाऱ्यांनी, लगेच खूश होऊ नका. माल भरला की स्टॉक गाडीचंही नाक रिकामी असते त्यापेक्षा वर येतं, आणि त्याबरोबर लाईटही. परवाच माल भरून निघालो होतो, पाच-सहा किलोमीटर गेल्यावर आठवलं की ते चाक शून्यावरच आहे. दगडातून जाताना आता खालचा पत्रा घासला की तो आवाज दातात जातो, तेव्हा वाटतं कशाला काढली.

स्पेसर अजून खोक्यात आहेत. मागच्या आठवड्यात एकाने विकत मागितले. बघतो म्हणालो.