ऑस्करला तळातला सोबती मिळेपर्यंतचे 14 महिने

'तळातच फिरतात ते, ऑस्करच्या वाटेला जात नाहीत. चालतील की.' तीन पिक्टस कॅटफिश पिशवीत बांधून देताना विक्रेत्याने मला सांगितलेलं हे वाक्य अजून सलतं. माझा ऑस्कर, म्हणजे तोंडात मावेल तो मासा गिळणारा मोठा पाळीव मासा, केवढा झालाय हे त्याने विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं.

ऑस्करचं नाव भीमा. तेव्हा तो 25 सेंटिमीटरचा होता, सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये एकटाच. म्हणजे साधारण 680 लिटर पाणी आणि त्यात एकच मासा. ऑस्कर एकटा ठेवला तरी त्याचं काही बिघडत नाही, हे आधीच सांगते. सोबती हवे होते ते मला. मधल्या थरात एक छोटा कळप आणि तळाशी कुणीतरी, एवढंच मनात होतं.

मधला थर पटकन जमला. सिल्व्हर डॉलर नावाचे मासे घेतले, सहा. चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवले आणि मग सोडले. भीमाने पहिल्या दिवशी दोनदा हाकललं, नंतर त्यांच्याकडे बघणंही सोडून दिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. फक्त हे मासे कळपातच घ्या, निदान पाच. एकटादुकटा सिल्व्हर डॉलर बावरतो, दिवसभर कोपऱ्यात दबून राहतो आणि मग मार खातो. हो, आणि टँकमध्ये जिवंत झाडं असतील तर ती विसरा. सिल्व्हर डॉलर ती खाऊन टाकतात आणि उरलेली ऑस्कर उपटतो.

अडकलं ते तळाशी.

पिक्टस आठ सेंटिमीटरचे होते. चंदेरी अंग, काळे ठिपके, लांबलचक मिशा. दिसायला फार देखणे. मी डॉलरच्या अनुभवावरून हिशेब केला होता: डॉलर दहा सेंटिमीटरचे चालले, मग आठचे का नाही चालणार? सगळी चूक याच हिशेबात होती. सिल्व्हर डॉलर ताटलीसारखा गोल असतो. दहा सेंटिमीटर लांब असला तर पाठीपासून पोटापर्यंत आठेक सेंटिमीटर भरतो. तो ऑस्करच्या तोंडात बसूच शकत नाही. पिक्टस शेंगेसारखा निमुळता, त्याची जाडी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. शिवाय पुरा वाढला तरी 12 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. म्हणजे तो आज लहान आहे, उद्या मोठा होईल, असं म्हणायलाही जागा नव्हती. तो भीमाच्या तोंडात कायम मावणारच होता.

चौथ्या दिवशी पहाटे दिवा लावला तर भीमा तळाला तिरका टेकलेला. कल्ले जोरजोरात हलत होते आणि तोंड उघडंच. आधी वाटलं ऑक्सिजन कमी पडला. जवळ जाऊन बघितलं तर ओठांतून चंदेरी शेपटी बाहेर आलेली, आणि ती मधूनमधून हलत होती.

पिक्टसच्या छातीच्या दोन्ही परांत आणि पाठीच्या परात एकेक कडक काटा असतो. छातीच्या काट्यांना करवतीसारखे दात असतात. जीव घाबरला की हा मासा काटे ताठ करतो आणि ते मुळाशी सांध्यात कुलूप लागल्यासारखे अडकतात. मग गिळणाऱ्याला तो आत ढकलता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. मी एकदा शेपटी धरून हलकेच ओढून पाहिलं. भीमा असा काही आक्रसला की हात मागे घेतला. ओढू नका. आतली कातडी फाटते.

दादाला उठवलं. टबमध्ये टँकचंच पाणी घेतलं, त्यात एअर पंपची नळी सोडली. टॉवेल त्याच पाण्यात भिजवून भीमाला त्यात गुंडाळलं. दादाने एका हाताने टॉर्च धरला, दुसऱ्या हाताने भीमाचं अंग. मी तोंडाच्या कडेने आत बघितलं तर डावा काटा गालाच्या आतल्या बाजूत रुतलेला दिसला, त्याच्या टोकाभोवती मांस फुगलेलं. तारा कापायचा छोटा कटर होता, त्याने तो काटा मुळाशी तोडला. 'टक्' असा आवाज आला. भीमाला परत पाण्यात सोडून दोन मिनिटं थांबलो, मग पुन्हा उचलून उजवा काटा तोडला. पाण्याबाहेर एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं आणि दादा मोठ्याने आकडे मोजत होता. दोन्ही काटे सुटल्यावर पिक्टस सहज बाहेर आला. तो मेला होता.

उरलेले दोघे त्याच सकाळी वेगळ्या टँकमध्ये गेले आणि पुढे अशा ठिकाणी दिले जिथे मोठा मासा नाही. भीमाने 11 दिवस काही खाल्लं नाही. एवढा ऑस्कर दोन आठवडे उपाशी राहू शकतो हे माहीत होतं, तरी रोज संध्याकाळी पेलेट (माशांच्या खाण्याची गोळी) टाकायचं, ते तरंगताना बघायचं आणि जाळीने काढून घ्यायचं, यात माझा धीर सुटत चालला होता. त्या दिवसांत औषधं ओतली नाहीत. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदललं, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या मळातून पाण्यात साठणारी विषं) शून्य आहेत ना हे तपासत राहिले. जखम स्वच्छ पाण्यात भरते. बाराव्या दिवशी त्याने गांडुळाचा तुकडा घेतला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

त्यानंतर मी एक काम केलं जे सुरुवातीलाच करायला हवं होतं: तोंड मोजलं. भीमा जिथे खाणं मागायला येतो तिथे काचेवर बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवली. ऑस्कर अधूनमधून मोठी जांभई देतो, तेव्हा जबडा पुढे येऊन पूर्ण उघडतो. तीन-चार दिवस फोन घेऊन बसले आणि फोटो मिळाला: जवळपास चार सेंटिमीटर. सोबत्याची लांबी विचारण्याआधी हा आकडा हातात असू द्या. मासा उंच, चपटा असेल तर त्याची उंची या आकड्याच्या निदान दीडपट हवी. मासा लांबुळका असेल तर उंचीचा काही उपयोग नाही. तो जवळजवळ शिकाऱ्याएवढा लांब हवा, म्हणजे गिळायला घेतला तरी पुरा आत जाणार नाही. काट्याचा कॅटफिश असेल तर आणखी दुप्पट विचार करा.

तळासाठी प्लेकोचाही, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणाऱ्या कॅटफिशचाही, विचार केला होता. साधा प्लेको चांगला हातभर वाढतो आणि त्याच्या पाठीवर चिलखत असतं, त्यामुळे पुष्कळांकडे तो ऑस्करबरोबर सुखाने राहतो. पण काही प्लेको रात्री रुंद, सपाट माशाच्या अंगावर चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडतात. नुकत्या जखमेतून उठलेल्या माशाजवळ मला ते नको होतं. रेडटेल कॅटफिशही कुणीतरी सुचवला. तो मीटरच्या वर जातो. मग भीमाच त्याच्या पोटात गेला असता.

शेवटी सेनेगल बिचिर ठरला. अंगावर कडक खवल्यांचं कवच, पाठीवर छोट्या परांची रांग, तळाशी सरपटत फिरणारा शांत मासा. मोठा झाला की साधारण 30 सेंटिमीटर. अडचण एकच, तो मिळाला आठ सेंटिमीटरचा. म्हणजे पुन्हा पिक्टसच. या वेळी मी वेगळा तीन फुटी टँक मांडला आणि ठरवलं की 22 सेंटिमीटरच्या आत मोठ्या टँकचं झाकणही उघडायचं नाही.

हे वाट बघणं मला सगळ्यात जड गेलं. बिचिर तळाशी काचेला लागून स्वस्थ पडून राहतो, त्यामुळे खाली पट्टी लावून मोजणं सोपं होतं, आणि मी अक्षरशः दर रविवारी मोजायचे. चौथ्या महिन्यात 13. सातव्या महिन्यात 16. मग दोन महिने 16 चे 17 होईनात. त्या काळात दोनदा हातात जाळी घेऊन मोठ्या टँकसमोर उभी राहिले होते. कवच आहे, पिक्टससारखे अडकणारे काटे तर नाहीत, सोडून बघू, असं मनात येई. दोन्ही वेळा जांभईचा तो फोटो बघितला आणि जाळी खाली ठेवली.

वाढ थांबण्याचं कारण माझ्याकडेच होतं. पेलेट तो अर्धवट खात होता, उरलेलं वाळूत कुजत होतं आणि नायट्रेट (कुजण्यातून पाण्यात साठणारा घटक) लिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं होतं. कोळंबीचे तुकडे आणि गांडुळं सुरू केली, आठवड्यातून दोनदा पाणी बदलायला लागले आणि तो पुन्हा वाढायला लागला. जिवंत गोल्डफिश खायला घालू नका, ना याला ना ऑस्करला. बाहेरचे रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं.

अकराव्या महिन्यात 22 भरले. भीमा तोवर 29 चा झाला होता. आधी मोठ्या टँकमधले दगड आणि लाकूड सगळं हलवलं, म्हणजे भीमाची ठरलेली हद्द मोडली. मध्ये भोकांची जाळी लावून आठवडाभर दोघांना एकमेकांना दिसू दिलं. जाळी काढायच्या दिवशी भीमाला पोटभर खायला घातलं आणि दिवा बंद केला. त्या रात्री मी टॉर्चवर लाल कागद लावून दोन वाजेपर्यंत बसले होते. भीमाने एकदा जवळ जाऊन तोंडाने ढोसलं. बिचिर हलला नाही. बस्स, एवढंच.

झाकणाचं मघाशी सांगायचं राहिलं. बिचिर हवेतूनही श्वास घेतो, त्यासाठी वर येतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यामध्ये थोडी हवा हवीच. पण तो फटीतून बाहेरही निघतो. आमच्या फिल्टरच्या पाइपाभोवती दोन बोटं मावतील एवढी जागा होती. एका सकाळी त्याचं डोकं त्यात दिसलं, तेव्हा ती स्पंजने बुजवली. हीटरलाही जाळीचं आवरण घाला, ऑस्कर तो आपटून फोडतो.

दोघांचं खाणं मात्र एकाच वेळी देता येत नाही. बिचिरची नजर अधू असते, तो वासावर शोधत येतो, आणि तेवढ्यात भीमा सगळं ओढून नेतो. म्हणून भीमाला आणि डॉलरना संध्याकाळी देते. दिवा बंद करून अर्धा तास थांबते, मग कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने लाकडाच्या मागे ठेवते. आधी वाळूवर काहीच दिसत नाही. मग लाकडाखालून नाक बाहेर येतं, थांबतं, डावी-उजवीकडे वळतं. भीमा वर झोपलेला असतो, आणि बिचिर त्याच्या पोटाखालून सरळ निघून येतो.