निळं बटण दाबायच्या आधी

नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या खोलीत मी आणि माझ्या मावसभावाने २०१६ साली काम सुरू केलं. लग्नपत्रिका, क्लासची जाहिरातपत्रकं, मग हळूहळू चित्रकारांच्या वेबसाइट. त्या पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वसुलीसाठी मारलेल्या चकरा सगळ्यांच्या सारख्याच असतात.

मार्च २०२१ मध्ये बीपल या चित्रकाराची एनएफटी (डिजिटल चित्राच्या मालकीची इंटरनेटवरची नोंद) ख्रिस्टीज या कंपनीच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरना गेली आणि आमचे चित्रकार एकेक करून जिना चढून वर आले. "आमचंही असं करून द्या." आम्ही द्यायला लागलो. मिंटिंगचं, म्हणजे एनएफटी तयार करायचं, पान आम्ही बनवायचं, नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांनी मिळून ठेवलेल्या सामाईक वहीत (इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनची गॅस फी, म्हणजे दर व्यवहाराची फी, कोणाला परवडणार?), आणि ब्राउझरमध्ये मेटामास्क हे वॉलेट. सराव करायचं टेस्टनेट होतं, त्याचं नावच 'मुंबई'. त्यावर पुणेकरांनी जे बोलायचं ते बोलून झालं.

खरा वेळ जायचा वॉलेट समजावण्यात. शाळेत मला चित्रकला शिकवणारे सर आता जलरंगात जुने वाडे रंगवतात. त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, चित्रं या पाकिटात राहणार ना?" नाही. पाकिटात फक्त किल्ली. मालकीची नोंद ब्लॉकचेनवर आणि चित्राची फाइल बहुतेक वेळा तिसरीकडेच. शेवटी म्हटलं, सर, सातबारा तलाठ्याकडे, जमीन गावात आणि तुमच्याकडे फक्त सही. हे त्यांना लगेच पटलं.

मग रिकव्हरीचे, म्हणजे वॉलेट परत मिळवायचे, बारा शब्द त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर सुरेख अक्षरात लिहिले आणि हरवायला नकोत म्हणून फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ते वॉलेट तिथल्या तिथे मोडीत काढलं. पासवर्ड म्हणजे त्या एका कॉम्प्युटरवरचं कुलूप. बारा शब्द ज्याच्या हाती, तो कुठेही बसून सगळं उघडतो, त्याला पासवर्ड लागतच नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात एका चित्रकार मुलीचा रडत फोन आला. 'फुकट मिंट' अशी कुठलीशी लिंक होती, वॉलेटची खिडकी उघडली, तिने बटण दाबलं आणि दहा मिनिटांत अकरा चित्रं गेली. तिने मंजूर केलेल्या आज्ञेचं नाव होतं 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल'. बाजारात चित्र विकायला ठेवतानाही बहुतेक वेळा हीच परवानगी द्यावी लागते, म्हणून ती ओळखीची वाटते. पण अर्थ असा, की त्या कलेक्शनमधलं तुमचं सगळं, आजचं आणि पुढे येणारं, समोरच्याने परस्पर हलवावं. आपल्याकडे याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात, आणि ते करताना माणूस चार वकिलांना विचारतो. इथे फी काही पैसे, आणि खाली निळं बटण.

दुसऱ्या दिवशी तिने वॉलेट वापरायच्या सूचनांची आमचीच छापील चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. पाचवी ओळ: 'निळं बटण आलं की दाबायचं.' मावसभाऊ खिडकीतून बाहेर बघत बसला. आमची फी परत केली, चित्रं परत येणार नव्हती.

तिने वॉलेटमधून ती साइट डिसकनेक्ट केली होती आणि आता सुटलो असं तिला वाटत होतं. इतके दिवस आम्हीही तेच समजत होतो. परवानगी ब्राउझरमध्ये नसते, ब्लॉकचेनवर असते. ब्राउझरमधून वॉलेटच काढून टाकलं तरी ती तशीच राहते. रद्द करायला वेगळा व्यवहार करावा लागतो. आणि व्यवहार न करता वॉलेटमधून दिलेल्या नुसत्या सहीला फी नसते म्हणून ती निरुपद्रवी, हेही खोटं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओपनसी या एनएफटीच्या बाजारातल्या १७ जणांना फसवलं गेलं ते अशाच सह्या घेऊन.

तोवर धंदाही आटला होता. १ एप्रिल २०२२ पासून अशा विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर, १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. नवे चित्रकार यायचे थांबले. उरलेल्यांसाठी आम्ही एकच काम धरलं. आमच्या पानावर वॉलेट उघडायच्या आधी मराठीत एक ओळ येते: 'तुम्ही आता हे एकच चित्र विकायला ठेवताय, बाकीच्यांना हात लागणार नाही,' किंवा 'ही सगळ्या चित्रांची परवानगी आहे, नंतर रद्द करता येते.' लिहायला सोपी वाटते. एकेका ओळीवर आमची तासन् तास भांडणं झालीत. शिवाय प्रत्येकाला दोन वॉलेट: एक ठेवणीचं, एक बाजारात न्यायचं, त्यात जेमतेम फीपुरते पैसे.

चोर त्याच्या पानावर आमची ओळ लिहिणार नाही, हे आम्हाला कोणीही ऐकवतं आणि ते बरोबरच आहे. पण वाचायची सवय लागलेला माणूस ओळ दिसली नाही की थबकतो, एवढीच आमची आशा.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. "अगं, बटण आलंय, ओळ नाही. बंद करून टाकलं." शाबासकी देऊन मी पत्ता विचारला. पान आमचंच होतं. आदल्या रात्री मावसभावाने केलेल्या अपडेटमध्ये ओळ उडाली होती. संध्याकाळपर्यंत ती परत बसवली आणि सरांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, आता उद्या सकाळी, चष्मा लावून.