ग्लासगो: अंगठीवाला मासा आणि न उडालेला पक्षी

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मी फिरलो ते एका चिन्हाच्या मागे. जॉर्ज स्क्वेअरमधल्या सिटी चेंबर्समध्ये, म्हणजे तिथल्या महापालिकेत शिरलं की पायाखालच्या मोझेइकमध्येच शहराचं बोधचिन्ह दिसतं, ज्याला तिकडे कोट ऑफ आर्म्स म्हणतात. ढालीवर एक झाड, शेंड्यावर पक्षी, एका बाजूला घंटा आणि बुंध्यावर आडवा मासा, तोंडात सोन्याची अंगठी धरलेला. मासा पाठीवर उताणा आहे. ही काही कारागिराची हौस नव्हे, अधिकृत वर्णनातच तो तसा सांगितलाय. ढालीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सामन मासे, त्यांच्याही तोंडात अंगठ्या.

युरोपातल्या शहरांच्या ढालींवर सिंह, बुरूज, तलवारी, मुकुट यांची रेलचेल असते. इथे एकही शस्त्र नाही. आहेत त्या सगळ्या एका साधूच्या गोष्टी, आणि म्हणूनच मला हे चिन्ह फार आवडतं.

साधूचं नाव केंटिगर्न, पण शहर त्याला मुंगो या लाडाच्या नावानेच ओळखतं. काळ सहाव्या शतकाचा. आई तेन्यू ही राजकन्या. लग्नाआधी दिवस गेले म्हणून बापाने तिला कड्यावरून लोटलं, तरी ती वाचली. मग तिला एका छोट्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. होडी कल्रॉसच्या किनाऱ्याला लागली आणि तिथे मुंगो जन्मला. सेंट सर्फ नावाच्या साधूने त्याला आपल्या मठात वाढवलं. तेन्यूच्या नावाचा अपभ्रंश होत होत 'सेंट एनॉक' झालं, आणि आज शहरातल्या एका मोठ्या शॉपिंग सेंटरला आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनला तेच नाव आहे. रोज तिथून ये-जा करणाऱ्यांपैकी कितींना त्या कड्यावरून लोटलेल्या मुलीची आठवण येत असेल?

जॉर्ज स्क्वेअरवरून हाय स्ट्रीटचा चढ चढायला लागलं की एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर मुंगो भेटतो. स्मग या चित्रकाराने काढलेलं हे भित्तिचित्र. पण झगा नाही, दंड नाही. लोकरीची टोपी घातलेला, दाढीवाला, आजच्या रस्त्यावरचा माणूस आणि त्याच्या बोटावर बसलेला इवलासा रॉबिन. तो त्या पक्ष्याकडे ज्या मायेने बघतोय, ते बघून मी फुटपाथवरच थबकलो. ढालीवरचा पक्षी तो हाच. सर्फने पाळलेला हा रॉबिन मठातल्या पोरांच्या दांडगाईत मेला आणि पोरांनी आळ घेतला मुंगोवर. त्याने पक्षी हातात घेतला, प्रार्थना केली आणि पक्षी जिवंत झाला. झाडाची गोष्टही त्याच पोरांची. मठातला अग्नी राखायची पाळी मुंगोची होती, त्याला झोप लागली, बाकीच्यांनी मुद्दाम अग्नी विझवला. त्याने हेझलच्या गोठलेल्या फांद्या आणून प्रार्थनेने पेटवल्या. त्या फांदीचा ढालीवर पुढे ओकचा डेरेदार वृक्ष झाला!

चढ संपतो तिथे कॅथेड्रल. बाराव्या शतकात उभारणी सुरू झालेलं, काळवंडलेल्या दगडांचं. तळघरातल्या चर्चमध्ये दाट खांबांच्या मधोमध मुंगोची समाधी आहे, वर नक्षीचं कापड पांघरलेली. बाहेरच्या चौकात मात्र मान वर करून दिव्यांचे खांब बघा. पक्षी, झाड, घंटा, मासा, सगळं लोखंडात घडवून खांबावरच चढवलंय. तिथल्या पोरांना तोंडपाठ असलेलं गाणं याच चौघांवर आहे: हा पक्षी कधी उडाला नाही, हे झाड कधी वाढलं नाही, ही घंटा कधी वाजली नाही, हा मासा कधी पोहला नाही.

घंटा मुंगोला पोपने दिली अशी आख्यायिका आहे. ती मूळ घंटा हरवली. १६४१ मध्ये शहराने दुसरी घेतली, ती पीपल्स पॅलेस संग्रहालयाची आहे.

आणि आता मासा. स्ट्रॅथक्लाइड या तिथल्या जुन्या राज्याचा राजा रिडर्क, त्याची राणी लँग्वोरेथ. राजाने दिलेली अंगठी राणीने एका तरुण सरदाराला दिली. शिकारीच्या वेळी तो सरदार नदीकाठी झोपलेला असताना राजाला त्याच्या बोटात ती दिसली. राजाने अलगद अंगठी काढून क्लाइड नदीत भिरकावली, घरी येऊन राणीकडे तीच मागितली, आणि देता येईना तेव्हा तिला कोठडीत टाकलं. मरण समोर दिसत होतं. राणीने मुंगोकडे निरोप धाडला. त्याने एका माणसाला गळ घेऊन नदीवर पाठवलं आणि सांगितलं, पहिला मासा लागेल तो घेऊन ये. त्या सामनच्या पोटात अंगठी होती.

शकुंतलेची आठवण होणारच. तिथेही अंगठी पाण्यात, तिथेही मासा. पण शकुंतला निर्दोष होती आणि दुष्यंत शापाने विसरला होता. इथे राणी चुकली आहे, साधूला ते ठाऊक आहे, तरी तो आधी तिचा जीव वाचवतो. पश्चात्ताप वगैरे नंतर. ज्या शहराने चुकलेल्या बाईला वाचवणारी ही गोष्ट आठशे वर्षं सांगितली आणि ढालीवर मिरवली, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही चिन्हं आधी ग्लासगोच्या बिशपांच्या मोहरांवर होती. लॉर्ड लायनने, म्हणजे स्कॉटलंडमध्ये अशी चिन्हं मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने, शहराच्या चिन्हाला रीतसर मान्यता दिली ती १८६६ साली. ब्रीदवाक्य 'ग्लासगोची भरभराट होवो'. मुळात ते लांब होतं. १६३१ च्या एका चर्चच्या घंटेवर 'देवा, तुझ्या वचनाच्या प्रवचनाने आणि तुझ्या नामस्तुतीने ग्लासगोची भरभराट होऊ दे' असं कोरलेलं होतं. पुढे देव, वचन, स्तुती सगळं गळलं आणि भरभराट तेवढी उरली. मुंबई महापालिकेचं 'यतो धर्मस्ततो जयः' लहानपणापासून वाचत आलेल्या मला ती काटछाट खटकली.

भरभराटीची किंमतही नदीनेच मोजली. ज्या शतकात दोन सामन ढालीचे राखणदार झाले, त्याच शतकात कारखान्यांच्या आणि गटारांच्या घाणीने क्लाइडमधले खरे सामन संपले. पाणी सुधारायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि १९८०च्या दशकात मासे परत येऊ लागले. मी क्लाइडच्या काठाने ग्लासगो ग्रीन या बागेपर्यंत चालत गेलो, तेव्हा एक माणूस गळ टाकून बसला होता. सामन लागतो का, विचारलं. म्हणाला, लागतो कधी कधी, पण सोडून द्यायचा असतो.