टायरवाल्याकडे अख्खी सकाळ

आज गाडीला हिवाळी टायर चढवले. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्यानेच सक्तीचे, त्यामुळे नोव्हेंबरात मॉन्ट्रियलमधल्या गॅरेजची वेळ मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं! टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघून घ्यायचं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं इथे चालत नाही. मेकॅनिकने दोन्ही टायर दाबून दाखवले. नव्याच्या रबरात नख रुतत होतं, उन्हाळी टायर थंडीने टणक झालेला. साधारण 7 अंशांच्या खाली साधं रबर आखडतं आणि पकड जाते.

पुण्याहून बाबांचा फोन. "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना तुझी? मग कशाला हा खर्च?"

अहो बाबा, इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळाला की गाडी निघते. थांबते ती टायरच्या जिवावर! पुलावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो पारदर्शक बर्फाचा पापुद्रा. तिथे करकचून ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगला झटका नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलायचा.

बाबांना काही पटलं नाही. "बरं, काढलेले टायर ठेवतोस कुठे?"

बाल्कनीत. त्यावर बायकोची स्वतंत्र पोस्ट येईलच.