हज झाली, मग परत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. बाजारात भाजी घेताना, शाळेत डबा उघडताना, लग्नाच्या पंगतीत, निपाणीत कुणी ना कुणी गाठतंच. "बाई, हज झालीय की तुमची. मग परत उमऱ्यासाठी पैसे कशाला साठवताय?" उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा, हजसारखी ठराविक दिवसांची नाही. मी "हौस आहे" म्हणून वेळ मारून नेते. हौस नाही.

आधी पोटातले प्रश्न. सरकारच्या पैशानं जात नाही. हजची सबसिडी 2018 सालीच बंद झाली आणि उमऱ्याला ती कधी नव्हतीच. हज आयुष्यात एकदाच फर्ज, म्हणजे बंधनकारक असते, तेही ठाऊक आहे. शेजारच्या आक्का कौतुकानं म्हणतात, "तुमची वारीच म्हणायची ही." आक्का, नाही ओ. तुमची वारी चुकली तर तुम्हाला रुखरुख लागते. माझ्यावर परत जायचं कसलं बंधनच नाही. म्हणून तर उत्तर देता येत नाही.

खरं कारण पुरुषमाणसांपुढं बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही. आता बोलते.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमची हज झाली. अरफात, मुजदलिफा, मिना, हजचे हे सगळे मुक्काम नीट पार पडले. तवाफ म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे. त्यातला हजचा फर्ज तवाफ, तवाफ-ए-जियारत, तोही झाला, म्हणजे जे चुकून चालत नाही ते सगळं झालं. राहिला होता फक्त विदाईचा तवाफ. मक्का सोडण्याआधी काब्याला सात फेरे घालून निरोप घ्यायचा असतो. बाहेरून आलेल्या हाजीवर तो वाजिब, म्हणजे करायलाच हवा असा आहे. पाळीत तवाफ करता येत नाही, म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या कोल्हापूरहून नेल्या होत्या, हजला जाणाऱ्या पुष्कळ बायका नेतात. पाकीट संपलं, आमचं विमान मात्र आठवडाभर पुढं होतं. निघायच्या दिवशी पहाटे फजरला उठले आणि कळलं.

मक्केतल्या अजीजिया भागात आम्ही उतरलो होतो त्या बिल्डिंगीत खाली बॅगा वजन करून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर नाव आणि कव्हर नंबर. ह्यांनी आमच्या गटाबरोबरच्या मौलानांना फोन लावला. मौलाना फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, काही काळजी नाही. सफिया बिन्त हुयय, खुद्द पैगंबरांच्या पत्नी, त्यांनाही असंच झालं होतं. जियारतचा तवाफ झालाय कळल्यावर पैगंबर म्हणाले, मग निघू दे तिला. दम म्हणजे भरपाईची कुर्बानी नाही, कफारा म्हणजे प्रायश्चित्त नाही, हज पूर्ण. "सूट आहे बहन, रहमत समझो."

मी रहमत समजले नाही.

ह्यांना तवाफ करायचा होताच. मी म्हटलं, मीही येते, बाहेर बसते. घड्याळाच्या टॉवरच्या बाजूला, मशिदीच्या आवाराबाहेर भिंतीच्या सावलीत बसले. तिथून काबा दिसत नाही, मिनार दिसतात, माणसं आत जाताना दिसतात. माझ्या मांडीवर ह्यांच्या चपलांची कापडी पिशवी. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या नातवांचे हात धरून आत चाललेल्या, आणि मला त्यांच्या म्हातारपणाचा हेवा वाटत होता. झाडूवाला एक पोरगा, बंगाली असावा, दोनदा माझ्यापुढून झाडत गेला. तिसऱ्यांदा थांबला. "अम्मा, खो गईं क्या?" मी म्हटलं, "नहीं बेटा, इंतजार है." कशाचा, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर?

हे आले तेव्हा दाढीतून जमजमचं, काब्याजवळच्या पवित्र विहिरीचं, पाणी गळत होतं, चेहरा उजळलेला. वखारीत तीस वर्षं दिवाणजी असलेला माणूस, असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "तुझ्या वाट्याचंही मागितलं." मी जिद्द्याच्या विमानतळापर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही.

घरी आल्यावर दारात मांडव, हार, पोरींची रांग. बुखारीच्या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे, हजमध्ये वावगं न बोलता, गुनाह न करता जो हज करतो, तो आईनं जन्म दिला त्या दिवसासारखा परततो. लोक माझा हात धरून "आमच्यासाठी दुवा करा" म्हणत होते. मी पाच लिटरच्या कॅनमधून वाटीवाटीनं जमजम वाटत होते आणि मनात एकच: मला उंबऱ्यावरून परत पाठवलं.

तेव्हाच्या त्या बाईशी मी अजून भांडते. तिला म्हणते, अगं, पाळीत नमाज माफ असते तेव्हा तू कधी रडलीस? मग निरोप माफ झाला तर एवढं काय? ती म्हणते, नमाज उद्या पढता येते. तिचंही खोटं नाही.

मग मला पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची गोष्ट नव्यानं वाचायला मिळाली. पैगंबरांच्या अखेरच्या हजमध्ये त्यांनाही पाळी आली होती. त्या रडल्या. पाक झाल्यावर त्यांची हज पूर्ण झाली, तरी त्या म्हणाल्या, लोक हज आणि उमरा दोन्ही घेऊन परततायत आणि मी नुसती हज घेऊन. कमी काहीच नव्हतं. तरी पैगंबरांनी त्यांना गप्प बसवलं नाही. भाऊ अब्दुर्रहमानबरोबर मक्केच्या हद्दीबाहेरच्या तनईमला पाठवलं, तिथून इहराम बांधून, म्हणजे यात्रेचा संकल्प करून, त्यांनी उमरा केला. त्या जागी आज मस्जिद-ए-आयेशा आहे. आम्हीही बसनं तिथं जाऊन इहराम बांधून आलो होतो, आणि ही गोष्ट तेव्हा माझ्या कानावरून गेली होती.

हा माझा पुरावा म्हणून तुमच्यापुढं ठेवते, पण त्यात भोक आहे. आयेशांनी तिथल्या तिथं मागितलं. निपाणीहून तिकीट काढून नाही. शिवाय आम्हा हनफी पंथाच्या लोकांमध्ये उमऱ्यानंतर विदाईचा तवाफ वाजिबच नाही. म्हणजे जे राहिलं म्हणून मी चालले, ते तिथं गेल्यावरही माझ्याकडून कुणी मागणार नाही. आमची एक सहशिक्षिका स्पष्ट म्हणाली, तेवढ्या पैशात एका पोरीची डी.एड.ची फी भागेल. बरोबर बोलली. मी उत्तर दिलं नाही, अजून नाही.

हे म्हणतात, माझं झालंय, पण तू चाललीस तर येतो. चपलांची पिशवी या खेपेला ते धरणार, असं ठरलंय.

आता पाळी गेली आणि गुडघे आले. मौलानांना विचारलं, व्हीलचेअरवरून तवाफ होतो. पैगंबरांनी स्वतः उंटावरून केला होता. ढकलणाऱ्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, तेवढे धरून हिशेब पुन्हा मांडलाय.